शेवटची स्टेज किती वर्षं चालते?

ऑड्री लॉर्डचं एक वाक्य तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. लेखिकेचं नाव लक्षात नसेल, पण वाक्य डोळ्यांखालून गेलेलं असेल. स्वतःची काळजी घेण्याबद्दलचं आहे ते. कधी मेणबत्तीच्या फोटोवर असतं, कधी फेस मास्क लावलेल्या मुलीच्या रीलवर, कधी टोट बॅगवर. मी स्वतः ते दोनदा स्टोरीला टाकलं आहे. एकदा तर ऑफिसला दांडी मारून पेडिक्युअर करून घेत होते तेव्हा.

ते वाक्य जिथून आलं ते पुस्तक मात्र मी वाचलं नव्हतं. ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ हे ते पुस्तक, १९८८ साली आलेलं. त्याचा मोठा भाग म्हणजे लॉर्डनं १९८४ ते १९८७ या काळात लिहिलेल्या तारीखवार नोंदी. या नोंदी लिहिणाऱ्या बाईचा स्तनाचा कॅन्सर यकृतात पसरलेला आहे, आणि ते वाक्य या नोंदींच्या अगदी शेवटाला येतं. म्हणजे मी पाय पाण्यात बुडवून जे वाक्य पोस्ट केलं, ते लिहिणारी बाई आपल्याला अजून किती काम करता येईल याचा हिशेब मांडत होती.

हे कळल्यावर लाज वाटली, पण लगेच पुस्तक वाचलं असं काही झालं नाही. वाचलं ते मावशीमुळे.

शेवटची म्हणजे कितवी?

माझी मावशी कराडला असते. ब्लाउज शिवते. २०१६ साली तिचा एक स्तन काढला, केमो झाली, रेडिएशन झालं. ‘सगळं क्लिअर’ म्हणून घरात पेढे वाटले गेले. २०२० मध्ये तिची पाठ दुखायला लागली. मशीनवर वाकून वाकून पाठ गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पट्टा आणला, मलम आणलं, मशीनला मोटर बसवली. दुखणं काही हलेना. शेवटी स्कॅन झाला तेव्हा कळलं, कॅन्सर मणक्यात आहे.

त्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांत जो फोन फिरला त्यात एकच वाक्य होतं: “शेवटची स्टेज आहे म्हणे.”

मराठीत आपण असंच म्हणतो. डॉक्टर ‘फोर्थ स्टेज’ म्हणतात आणि घरी येईपर्यंत चौथीची शेवटची होते. चार आकड्यांत चौथा शेवटचाच, त्यामुळे भाषांतर चुकलं असंही म्हणता येत नाही. पण चौथी म्हटलं की तो एक क्रमांक असतो, आणि शेवटची म्हटलं की तो निकाल होतो. निकाल लागल्यावर माणसं ज्या आवाजात बोलतात, तो आवाज तेव्हापासून मावशीच्या घरात आला. लोक तिला भेटायला यायचे ते जणू निरोप घ्यायला. आणि ती मात्र दर महिन्याला इंजेक्शन घेत होती, रोज गोळी घेत होती, लग्नसराईची ब्लाउजं वेळेवर देत होती. मागच्या दिवाळीत मला म्हणाली, “शेवटच्या स्टेजला पाच वर्षं झाली बघ. एसटीचा शेवटचा स्टॉप तरी एकदाचा येतो.”

आधी या आजाराबद्दल दोन गोष्टी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्तनातल्या कॅन्सरच्या पेशी हाडं, यकृत, फुप्फुसं, मेंदू अशा दुसऱ्या अवयवांत जाऊन वाढायला लागल्या की त्याला मेटास्टॅटिक म्हणतात. मणक्यात सापडलेला मावशीचा कॅन्सर हाडांचा नाही, तो स्तनाचाच आहे, फक्त बिऱ्हाड बदललेला. आजच्या औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो, पण सहसा मुळापासून जात नाही. एक औषध चालतं तोवर घ्यायचं, चालेनासं झालं की दुसरं. काहींना यात काही महिने मिळतात, काहींना दहा वर्षांहून जास्त.

दुसरी गोष्ट मोजदादीची. अमेरिकेसारख्या देशातही कॅन्सरच्या राष्ट्रीय नोंदणीत निदान आणि मृत्यू मोजले जातात, पण एकदा बऱ्या झालेल्या बाईचा आजार काही वर्षांनी परत येऊन पसरला तर ते नेहमीच्या नोंदीत येत नाही. म्हणून २०१७ साली तिथल्या संशोधकांना गणित मांडून अंदाज काढावा लागला. त्यांच्या हिशेबानं दीड लाखाहून जास्त बायका तिथे या आजारासह जगत होत्या, आणि त्यांतल्या साधारण चारांपैकी तिघींचं पहिलं निदान आधीच्या टप्प्यावर झालेलं होतं. म्हणजे त्यांनी सगळं ‘वेळेवर’ केलं होतं. लवकर निदानाचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण ‘लवकर सापडला म्हणजे सुटलात’ हे जे आपण गृहीत धरतो, त्यात या बायका बसतच नाहीत.

तीन अंकी नाटक

कॅन्सरवरच्या लिखाणाचा एक ठरलेला साचा आहे. पहिला अंक धक्का, दुसरा झुंज, तिसरा विजय. दर ऑक्टोबरमध्ये पुरवण्यांत अशा गोष्टी येतात आणि मथळ्यात ‘मात’ हा शब्द असतोच. वाचून बरं वाटतं. त्या लिहिणाऱ्या बायकांबद्दल मला तक्रार नाही, त्यांनी खरंच सोसलेलं असतं. तक्रार साच्याबद्दल आहे. मेटास्टॅटिक आजार असलेल्या बाईला तिसरा अंकच नाही. मग ती एक तर गोष्टीबाहेर राहते किंवा थेट निधनाच्या बातमीत दिसते, जिथे तिची ‘झुंज अपयशी’ ठरलेली असते.

गुलाबी रिबिनीचा इतिहास याच साच्याशी जोडलेला आहे. स्तनाच्या कॅन्सरचा जागृती महिना अमेरिकेत १९८५ साली सुरू झाला, त्यात अमेरिकन कॅन्सर सोसायटीबरोबर एका मोठ्या औषध कंपनीचा हात होता. रिबीन आधी गुलाबी नव्हतीच. शार्लट हेली नावाची एक बाई घरात बसून पिवळसर-गुलाबी रंगाच्या रिबिनी करायची आणि सोबत कार्ड जोडायची, की सरकार कॅन्सर टाळण्यावर फार कमी खर्च करतं, जागे व्हा. १९९२ साली एका मासिकानं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं तिची रिबीन मागितली. ती नाही म्हणाली, त्यांना धंदा करायचाय असं तिला वाटलं. मग वकिलांच्या सल्ल्यानं रंग बदलला आणि रिबीन गुलाबी झाली. कार्डावरचा प्रश्न गळून पडला.

बार्बरा एरनराइकनं २००१ साली ‘हार्पर्स’ मासिकात या गुलाबी जगावर एक खणखणीत लेख लिहिला. निदान झालेल्या बाईच्या हाती टेडी बेअर आणि खडू देणारी ही संस्कृती बाईला लहान मूल करते, आणि आनंदी राहण्याची सक्ती करते, असा तिचा राग होता. तो लेख आजही वाचावा असा आहे. पण एरनराइकच्या लेखाचा जोर मोडण्यावर आहे. साचा मोडला हे ठीक, मग त्या जागी लिहायचं कसं? याचं उत्तर मला तिच्याहून तेरा वर्षं आधीच्या लॉर्डच्या पुस्तकात सापडलं.

तारखा, विमानतळ, यकृत

ऑड्री लॉर्ड न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली जन्मली. आईवडील कॅरिबियनमधून आलेले. ती ग्रंथपाल होती, नंतर प्राध्यापक. कवयित्री, काळी, लेस्बियन, दोन मुलांची आई. यांतली एकही ओळख लपवायची नाही हे तिनं फार आधी ठरवलं होतं. १९७८ साली तिचा उजवा स्तन काढला. त्यावरचं ‘द कॅन्सर जर्नल्स’ १९८० साली आलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी, तिला सांगण्यात आलं की कॅन्सर यकृतात आहे. ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’मधल्या नोंदी त्यानंतरच्या काळातल्या आहेत.

मी या पुस्तकात आजारपण शोधत होते. वेदना, रात्री, भीती. ते सगळं आहे, पण मला वाटलं होतं त्या प्रमाणात नाही. एका नोंदीत ती बर्लिनमध्ये शिकवते आहे आणि आफ्रिकी वंशाच्या जर्मन मुलींना भेटते आहे, ज्यांना तोवर स्वतःसाठी नीट नावही नव्हतं. दुसरीकडे ती मेलबर्नला आहे, कुठे कॅरिबियनमधल्या बेटावर, कुठे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या बातम्यांनी अस्वस्थ. मध्येच यकृत येतं. मध्येच वजन उतरतं, थकवा येतो. मग पुन्हा काम.

आधी मला हे विस्कळीत वाटलं. संपादकानं कात्री चालवायला हवी होती असंही वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हा विस्कळीतपणाच या पुस्तकाची रचना आहे. आठवण म्हणून नंतर लिहिलेल्या पुस्तकात लेखिकेला शेवट ठाऊक असतो, त्यामुळे प्रत्येक प्रसंग त्या शेवटाकडे कलतो. तारीखवार नोंदीत तसं करता येत नाही. १९८५च्या नोंदीला १९८६ माहीत नाही. स्कॅन ते स्कॅन जगणाऱ्या बाईसाठी हाच आकार खरा आहे. मावशीचं वर्षही असंच असतं: स्कॅन, लग्नसराई, स्कॅन, गौरी-गणपती, स्कॅन.

आणि आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे. पुस्तकभर लॉर्ड एका प्रश्नाशी झगडते आहे: किती करू? ‘हो’ म्हणालेलं प्रत्येक भाषण शरीरातून वजा होतं. ‘नाही’ म्हणालं तर ज्यासाठी जगायचं तेच हातातून जातं. तिच्या आजूबाजूला अशी व्यवस्था आहे जिला काळ्या बाईनं राबून मरावं याचं काही वाटत नाही. अशा ठिकाणी विश्रांती घेणं, नीट खाणं, झोपणं हे तिच्यासाठी लढ्यात टिकून राहण्याचं काम होतं. ते वाक्य या संदर्भासह वाचलं की कळतं, त्यात चैनीला परवानगी नाही. उलट त्यात एक कडक हिशेब आहे. ही वाचवलेली ताकद कशासाठी, हे ती विचारते आहे. आपल्या ‘मी-टाइम’ला हा प्रश्न पडत नाही. म्हणून ते वाक्य टोट बॅगवर इतकं सहज बसतं.

जिथे पटत नाही

लॉर्डची पूजा करून हा लेख संपवणं सोपं होतं. पण दोन ठिकाणी मी अडखळले.

पहिलं, तिचे उपचार. न्यूयॉर्कमधल्या तज्ज्ञाला ती प्रश्न विचारते, आणि तिला जाणवतं की तो तिला विचार करू शकणारी बाई मानतच नाही. ती बायॉप्सीला नकार देते. बर्लिनमध्ये होमिओपथीकडे वळते, पुढे स्वित्झर्लंडमधल्या आर्लेसहाइमच्या एका क्लिनिकमध्ये मिसलटो या वनस्पतीच्या अर्काची इंजेक्शनं घेते. निदानानंतर ती आठ वर्षांहून जास्त जगली, १७ नोव्हेंबर १९९२ला गेली. याचं श्रेय त्या इंजेक्शनांना द्यावं असा कुणालाही मोह होईल. पण एका बाईच्या आयुष्यावरून औषध सिद्ध होत नाही, आणि मिसलटोनं कॅन्सर आटोक्यात येतो असं पुढच्या अभ्यासांतूनही ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडे हे स्पष्ट म्हणायलाच हवं. मावशीच्या फोनवर आठवड्याला एक तरी मेसेज येतो: अमुक पाला, तमुक रस, गोमूत्र, लिंबू. पाठवणारे वाईट नसतात. पण गोळी बंद करून पाल्यावर राहिलेल्या बायका मावशीनं हॉस्पिटलच्या बाकावर पाहिल्यात. त्यामुळे लॉर्डची ती पानं मी आदर्श म्हणून वाचू शकत नाही. मी ती वेगळ्या गोष्टीसाठी वाचते. विश्वास कसा तुटतो याची ती नोंद आहे. डॉक्टरनं बाईच्या प्रश्नाला दहा मिनिटं दिली नाहीत की ती दहा मिनिटं दुसरं कुणीतरी देतं, आणि ते बहुतेक वेळा पालेवालं असतं.

दुसरं अडखळणं ‘द कॅन्सर जर्नल्स’मधलं आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांकडे गेल्यावर तिथली नर्स लॉर्डला सांगते की खोटा स्तन न लावता आलीस तर इतरांचं मनोधैर्य खचतं. लॉर्ड भडकते. तिचा मुद्दा असा की सगळ्यांनी पॅड लावलं तर एका स्तनाच्या बायका एकमेकींना ओळखणार कशा? आणि ओळखल्याच नाहीत तर एकत्र येणार कशा? युद्धात डोळा गमावलेल्या इस्रायली मंत्र्याला, मोशे दायानला, कुणी काचेचा डोळा लाव म्हणत नाही, हेही ती दाखवून देते. युक्तिवाद बिनतोड आहे. मी तो जोशात मावशीला सांगितला.

मावशीनं कपाटातून एक पिशवी काढली. सुती कापडाची, आत कापूस आणि वजनासाठी थोडी मोहरी. गेल्या काही वर्षांत तिनं अशा कितीतरी शिवून दिल्या आहेत. तिच्याकडे आता पार साताऱ्यापासून बायका येतात, कारण ती माप घेताना दार लावून घेते आणि काही विचारत नाही. म्हणाली, “तुझ्या बाईचं बरोबर आहे गं. पण पदर नीट बसायला हवा ना. एका बाजूला खांदा उतरतो, मग मान धरते.”

मी यावर बराच विचार केला. लॉर्डला वाटलं होतं की पॅड बायकांना एकमेकींपासून लपवतं. कराडच्या त्या खोलीत पॅडमुळेच त्या एकमेकींना सापडल्या. लॉर्ड चूक ठरते असं नाही. तिचा राग सक्तीवर होता, आणि सक्ती मावशीलाही नको आहे. पण खुणा उघड दाखवणं हाच एकत्र येण्याचा मार्ग, हे तिचं गृहीतक सगळीकडे लागू होत नाही. काही ठिकाणी बायका दार लावूनच एकत्र येतात.

कुस्ती निकालीच हवी का?

सुझन सोन्टागचं ‘इलनेस ॲज मेटाफर’ १९७८ साली आलं, म्हणजे लॉर्डचं ऑपरेशन झालं त्याच वर्षी. आजाराला युद्धाची भाषा लावू नका, त्यानं रुग्णावर दोष येतो, हा तिचा मुद्दा आता सगळ्यांना पाठ आहे. सोन्टागवर स्वतःवर काही वर्षं आधी स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झाले होते, पण त्या पुस्तकात ती स्वतःबद्दल काही सांगत नाही.

लॉर्ड नेमकी उलट. तिच्या पानोपानी ‘मी’ आहे आणि लढाईही आहे. मृत्यूच्या थोडं आधी तिनं जे आफ्रिकी नाव घेतलं, गंबा अदिसा, त्याचा अर्थच योद्धा असा आहे: जी आपलं म्हणणं समजावून देते अशी योद्धा. मग सोन्टागच्या कसोटीवर लॉर्ड नापास होते का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण मराठी शब्दातूनच सांगते. आपल्या बातम्यांत ‘झुंज’ म्हटलं की कुस्ती डोळ्यांपुढे असते, आणि ती निकालीच हवी असते. कुणीतरी चितपट झालंच पाहिजे. म्हणून बाई वाचली तर ‘मात’, गेली तर ‘अपयशी’. लॉर्डची लढाई निकाली नाही. तिच्यात गाठीशी कुस्ती फार थोडी आहे. ती भांडते ते वेळ खाणाऱ्यांशी, तिच्याविषयी तिच्याआधी निर्णय घेणाऱ्यांशी, वर्णभेदाशी. वर्णभेदाशी लढताना जी निकड लागते तीच कॅन्सरशी लढताना लागते, असं ती मानते. अशा लढाईत माणूस मरून हरत नाही. त्या दिवशीचं काम झालं की नाही, एवढंच मोजायचं.

म्यूट

आता या लेखातला मला लिहायला अवघड असलेला भाग.

लिसा बॉन्चेक ॲडम्स ही अमेरिकेतली तीन मुलांची आई. तिला मेटास्टॅटिक स्तनाचा कॅन्सर होता आणि ती त्याविषयी ट्विटरवर लिहायची. रोज, भरपूर, तपशिलात: औषधाचं नाव, वेदना, स्कॅनची भीती, दुसऱ्या रुग्णांना सल्ले. जानेवारी २०१४ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये एका पत्रकार बाईनं तिच्यावर स्तंभ लिहिला. सूर असा की हे इतकं सगळं सांगणं शोभतं का? काही दिवसांनी तिचा नवरा बिल केलर, ‘द न्यूयॉर्क टाइम्स’चा माजी संपादक, यानं आपल्या सासऱ्याच्या शांत मृत्यूशी तुलना करून लिहिलं. त्यात सूचना अशी की लढत राहण्यापेक्षा शांतपणे स्वीकारण्यात जास्त मोठेपणा असेल. वाचक भडकले. गार्डियननं तो स्तंभ काढून टाकला. ॲडम्स मार्च २०१५ मध्ये गेली.

मी हे वाचलं तेव्हा मलाही राग आला. मग आठवलं.

मावशी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवते. इंजेक्शनच्या दिवशी आकडे टाकते: हिमोग्लोबिन इतकं, कॅल्शियम इतकं, आज चालले इतकी पावलं. खाली फुलाचा फोटो. कधी ‘आज पाठीत फार कळ’ एवढंच. २०२२ मध्ये कधीतरी मी ते स्टेटस म्यूट केलं. भांडण नव्हतं, कंटाळाही नव्हता. सकाळी मीटिंगच्या आधी ते बघवत नव्हतं, बस. दीड वर्षं मला ती स्टेटस दिसलीच नाहीत. मी महिन्याला फोन करायचे, “कशी आहेस?” विचारायचे, ती “बरी आहे” म्हणायची, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचे.

केलर पतिपत्नींनी जे जगजाहीर केलं ते मी गुपचूप केलं, एवढाच फरक. त्यांना वाटलं ॲडम्स जास्त बोलते. मला वाटलं मावशीनं जरा कमी सांगावं. दोन्हीकडे वाचकाला हवा होता तिसरा अंक, आणि बाई दुसऱ्याच अंकात रेंगाळत होती. विजय तरी मिळव किंवा शांतपणे जा. हे असं चालूच राहणं बघणाऱ्याला सहन होत नाही.

म्हणून मला वाटतं की या लिखाणाची समीक्षा करताना लेखिकेच्या धीटपणाबद्दल बोलून भागणार नाही. वाचकाच्या सहनशक्तीबद्दल बोलावं लागेल. लॉर्डचं पुस्तक तीन वर्षांच्या नोंदी वाचायला लावतं आणि शेवटी निकाल देत नाही. त्यातलं एकच वाक्य सगळीकडे फिरलं, ते का, हे आता मला कळतं. बाकीचं आपण म्यूट केलं.

अर्जदार

पसरलेल्या आजाराच्या बायकांनी स्वतःसाठी बोलायला सुरुवात केली त्याला आता बरीच वर्षं झाली. अमेरिकेत त्यांच्या मागणीवरून २००९ साली १३ ऑक्टोबर हा मेटास्टॅटिक स्तन कॅन्सरचा जागृती दिवस ठरला. गुलाबी महिन्यातला एक दिवस. त्यांची मागणी ‘जागृती’ची नव्हती. आम्हाला मोजा, आणि पसरलेल्या आजारावरच्या संशोधनाला पैसे द्या, अशी होती.

आपल्याकडे २०२२च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. या दोन आकड्यांच्या मध्ये ज्या बायका वर्षानुवर्षं जगत असतात, त्यांचं म्हणणं कुठे वाचायचं? पुस्तकांत फारसं नाही. पण त्याच वर्षी केरळच्या उच्च न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदार बाई बँकेतून निवृत्त झालेली, मेटास्टॅटिक स्तनाच्या कॅन्सरची रुग्ण. तिला लागणारं रायबोसिक्लिब हे औषध पेटंटखाली होतं आणि महिन्याला ५० हजार रुपयांहून जास्त खर्च येत होता. तिची मागणी होती की सरकारनं कायद्यातला अधिकार वापरून हे औषध दुसऱ्या कंपन्यांना बनवू द्यावं, म्हणजे ते स्वस्त होईल. निकाल लागायच्या आधीच ती गेली. न्यायालयानं विषय बंद केला नाही, स्वतःहून पुढे चालू ठेवला.

मला हा अर्ज लॉर्डच्या शेजारी ठेवावासा वाटतो. त्यात ‘मी’ नाही, ‘अर्जदार’ आहे. प्रकाश नाही, दर महिन्याचा खर्च आहे. पण हिशेब तोच आहे. स्वतःचं जगणं वाचवण्याचं काम आपल्यापुरतं न ठेवता त्यातून इतरांसाठी काही मागायचं. त्या अर्जातलं कुठलंही वाक्य टोट बॅगवर येणार नाही. आणि तो अर्ज करणाऱ्या बाईची ‘झुंज अपयशी’ ठरली असं कुणी लिहिलं तर मी भांडेन.

लॉर्डच्या पुस्तकातले काही भाग मी मावशीला मराठीत सांगितले. बर्लिन, मेलबर्न, स्वित्झर्लंड. ती काजं करत ऐकत होती. मला वाटलं आता काही मोठं बोलेल. ती म्हणाली, “फार फिरते गं ही. हिला रजा कोण देत होतं?”

हा प्रश्न मी कुठल्याच परीक्षणात वाचलेला नाही, आणि या पुस्तकावरचा तो सगळ्यांत योग्य प्रश्न आहे. लॉर्डकडे प्राध्यापकाची नोकरी होती, मैत्रिणींचं जाळं होतं, दुसऱ्या देशात जाऊन उपचार घेण्याची सोय होती. तिला स्वतःला याची जाणीव होती. मावशीला रजा नाही. ब्लाउज दिलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि औषधाची पुढची खेप त्याच पैशातून येते. तिच्या स्वतःच्या काळजीचं पुस्तक लिहायचं तर ते या प्रश्नापासून सुरू करावं लागेल.

मी तिचं स्टेटस पुन्हा सुरू केलंय. परवा होतं: ‘हिमोग्लोबिन १०.२. तीन ब्लाउज पूर्ण.’ पुढचा स्कॅन पंधरा दिवसांनी आहे.